येळवणीच्या आमटीतला एक जिन्नस

पुण्याहून येणारं बायकांचं मासिक उमरग्यात आम्ही तीन घरांत मिळून घ्यायचो, आणि ते सगळ्यात शेवटी माझ्याकडं यायचं. हा नियम कुणी केला देव जाणे. आधी हेडमास्तरीणबाई, मग कापडदुकानदाराची सून, मग मी. माझ्या हातात पडेस्तोवर मुखपृष्ठावर तेलाची बोटं उमटलेली असायची, आणि एखाद्या महिन्यात पाककृतीचं पानच कात्रीनं कापून घेतलेलं असायचं. विचारलं की दोघी एकमेकींकडं बोट दाखवायच्या. माझा वहीम पोस्टमनवरही होता. वेष्टण कधीच धड नसायचं, आणि ज्या महिन्यात मासिकात शंकरपाळे यायचे त्याच महिन्यात त्याच्या घरून शंकरपाळ्यांचा वास यायचा. आता सांगा.

शेवटची चार पानं पाककृतींची. ती मी पेन्सिल घेऊन वाचायचे, फौजदारानं जबानी वाचावी तशी. कुणी मुंबईची, कुणी नागपूरची बाई भली मोठी साहित्याची यादी द्यायची, आणि मी मनात म्हणायचे, बाई गं, हे सगळं झालं, पण पोटात काय ठेवलंस ते बोल. बेसनाच्या लाडवाला भाजताना शेवटी दुधाचा हबका मारायचा असतो, तो गाळला. समासात फुली. अनारशाच्या पिठाला किती दिवस ठेवायचं ते गोलमाल लिहिलं. फुली. एकदा एका बाईनं कोथिंबिरीच्या वडीतलं अगदी बारीकसारीक सगळं देऊन टाकलं होतं, तर मला तिचाच जास्त संशय आला.

हा संशय माझा नव्हे, आईचा. माझं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्याचं. देवीला येणारे यजमान आमच्याच घरी उतरायचे आणि त्यांच्या नैवेद्याचा स्वयंपाक आई करायची. पुरणपोळी आणि येळवणीची आमटी. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की जे पाणी निथळून निघतं ते येळवणी. त्याची चिंच-गुळाची, भाजक्या खोबऱ्याची पातळ आमटी. पुण्याकडं तिला कटाची आमटी म्हणतात. म्हणोत बापडे. आईच्या हातची आमटी खाऊन यजमानिणी बोटं चाटायच्या आणि जाताना हटकून विचारायच्या, काकू, काय काय घालता हो? आई हसून, हाताला धरून, सगळं सांगायची. एक सोडून. एक जिन्नस पोटात ठेवावा, असं तिचं म्हणणं. सगळं सांगितलं तर ही बाई पुढच्या साली देवीला येईल, आपल्याकडं कशाला येईल?

हे पाप आहे असं आमच्या गल्लीत कुणाला वाटत नव्हतं. सगळ्याच बायका असं करायच्या, आणि सगळ्याच करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं कुणी फसायचं नाही. ऐकणारी घरी जाऊन आपल्या अकलेनं तो एक जिन्नस शोधायची. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला मसाल्याच्या कोनाड्यापाशी नेलं, पदर आड धरला आणि चिमूटभर दगडफूल माझ्या तळहातावर ठेवलं. आधी हे तेलात टाकायचं, मग बाकीचं. सासरी कुणी विचारलं तर, मी म्हटलं. आई म्हणाली, सासूला सुद्धा न्हाय.

लग्न होऊन मी गेले ती थेट हैदराबादेत. हे तिथं सरकारी कचेरीत कारकून होते. हे म्हणजे माझे पती. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता काय घेणार! निजामाचं राज्य जाऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. रस्त्यावर माणसं एकमेकांकडं जरा चुकवूनच बघायची. मी तर काय, आधीच संशयी. दूधवाला पाणी घालतो, टांगेवाला मुद्दाम लांबून नेतो, भाजीवाली तराजू बोटानं दाबते, असं रोज संध्याकाळी यांना ऐकवायचे. हे म्हणायचे, तुझ्या मते या शहरात खरं कोण आहे? मी म्हणायचे, अजून कुणी दिसलं नाही, दिसलं की सांगते.

पण खोटं कशाला बोलू, सहा महिन्यांत त्या शहरानं मला पुरतं वेडं केलं. आमची दोन खोल्यांची जागा सुलतान बाजाराच्या मागं होती. संध्याकाळी दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढच्या बाकावर बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं. एवढीच आमची सहल. वरून सगळं दिसायचं, अत्तराची दुकानं, बांगड्यांचे ढीग, भट्टीवरचे तवे, मुसी नदीवरचा पूल. हात लांब केला तर गच्चीवरचं वाळवण उचलता येईल इतकी बस घरांना चिकटून जायची. तुळजापूरच्या पायऱ्या चढून-उतरून मोठी झालेली मी, एवढं शहर एका तिकिटात बघायला मिळतं याचंच मला अप्रूप होतं.

अंगणापलीकडं समोरच्या घरात आपा राहायच्या. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठ्या. त्यांचे मालक गिरदावर होते, म्हणजे तलाठ्यांवरचे साहेब. सगळी नोकरी तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या आमच्याच भागात घोड्यावरून फिरून केलेली. राज्य गेलं, नोकरी गेली, थोडकी पेन्शन उरली. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर खाटेवर बसून गिरदावरसाहेब पान कुटायचे आणि आमच्याकडं कुणी गावाकडचं माणूस आलं की पाऊसपाणी विचारायचे. मराठी बोलायचे ते आमच्यासारखंच, कुठं, इथं, लई म्हणत.

एकदा हे कचेरीतून येताना वाटीभर वांग्याची भाजी घेऊन आले. मी विचारलं कुठली. म्हणाले, हॉटेलातली. मी वास घेतला. हॉटेलातल्या भाजीला तो वास नसतो. दोनदा विचारल्यावर कबूल झाले, आपांनी दिली. बघारे बैंगन. मी पुजाऱ्याची लेक. आईला कळलं असतं तर तिनं मला मंगळवारी देवीसमोर उभं केलं असतं. आपांना हे सगळं न सांगता कळत होतं. आमच्यासाठी त्यांनी एक नवं पातेलं घेतलं होतं, कल्हई केलेलं, ते वेगळ्या फळीवर पालथं ठेवायच्या. मी एकदा पाणी मागायच्या निमित्तानं जाऊन ती कल्हई बघून आले. कोरी करकरीत होती. त्या दिवशी मी भाजी खाल्ली, आणि वाटी बोटानं निपटून काढली.

मग आमची देवाणघेवाण सुरू झाली. हे त्या वांग्यांवर असे काही लुब्ध झाले की माझ्या हातची कुठलीच भाजी त्यांना पुरेना. माझं डोकं फिरलं. मी आपांना रीत विचारली. त्यांनी अंगणात बसून सांगितली. तीळ, दाणे, खोबरं भाजून वाटायचं, कांदा खरपूस करायचा, चिंच, चार मेथीदाणे, कढीपत्ता, वांगी देठासकट चिरून. आणि शेवटी एक वाक्य, ते त्या दरवेळी म्हणायच्या. "आज पकाओ, कल खाओ."

बदल्यात त्यांनी एकच मागितलं. गिरदावरसाहेबांनी दौऱ्यावर असताना कुणा पाटलाच्या घरी पोळ्याला येळवणीची आमटी खाल्ली होती. तेव्हापासून ती चव त्यांच्या जिभेवर बसलेली. आपांना ती करून घालायची होती. मी सगळं सांगितलं. डाळ किती शिजवायची, खोबरं निखाऱ्यावर कसं भाजायचं, गूळ कधी, चिंच कधी. हाताला धरून, हसून, आईसारखं. आणि दगडफूल पोटात ठेवलं. ठरवून ठेवलं असंही नाही. ते आपोआप राहिलं, जसं उंबरा ओलांडताना पाय आपोआप उचलला जातो.

माझी वांगी काही जमेनात. सगळं तंतोतंत करायचे, हे दोन घास खाऊन म्हणायचे, चांगली झाली. ते 'चांगली' मला बरोबर कळायचं. आपांच्या भाजीला ते 'चांगली' म्हणत नसत, गप्प बसून खात. मी ओळखलं, एक जिन्नस पोटात ठेवलाय बाईनं. ठेवणारच. मी नाही का ठेवला? तेव्हापासून मी त्यांच्या मागंच लागले. कधी जिरं मागायला, कधी विस्तव मागायला स्वयंपाक चालू असताना जायचे आणि डबे न्याहाळायचे. शहाजिरं होतं, लवंग होती, पत्थर का फूल होतं. हो, माझंच दगडफूल, त्यांच्या डब्यात. त्या ते खिम्यात घालायच्या, आमटीत घालायचं त्यांना कोण सांगणार! पण वांग्यात काय पडतं ते दिसेना. ताकाला तूर लागू देत नव्हती बाई. आणि ते 'कल खाओ' तर मला टोमणाच वाटायचा. आमच्यात रात्रीचं उरलेलं सकाळी गाईला घालतात. पुजाऱ्याच्या लेकीला ही शिळं खायला सांगते! मी ते वाक्य कधी ऐकलंच नाही असं केलं.

पाच वर्षं झाली आणि राज्यं फुटली. भाषा बघून माणसं वाटली गेली. मराठीवाले मराठवाड्यात. यांची बदली उमरग्याला, तहसिलीत. हे उर्दूत शिकलेले, उर्दूत टिपणं लिहिणारे. पन्नास माणसांच्या कचेरीत वाघ होते, इथं मराठी शेरा लिहिताना घाम पुसायचे. मला तर उमरगं खायला उठायचं. हमरस्त्यावरून हैदराबादेकडं ट्रक जायचे, आणि मी भांडी घासायची थांबून ते दिसेनासे होईस्तोवर बघायचे. मासिकाची वर्गणी भरली ती तेव्हाच. दुमजली बस नाही तर नाही, निदान महिन्यातून एकदा चार पानं शहराची.

दिवाळीनंतर यांना रजा मिळायची, तेव्हा आम्ही वर्षातून एकदा हैदराबादला जायचो. ऐपत बेताची, म्हणून जायचं ते अगदी रोडक्या खर्चात. धपाटे, दाण्याची चटणी, कांदे, पितळी तांब्या आणि एक वळकटी. पहाटेची गाडी धरायची. गाडी आपल्या राज्यातून निघायची, हुमनाबादेला म्हैसूर राज्यात शिरायची आणि जहिराबादेला आंध्रात. पूर्वी हा सगळा एकच मुलूख होता. आता नाक्यावरचा शिपाई माझी वळकटी सोडून बघायचा. मी म्हणायचे, बघ बाबा, धपाट्यात सोनं आहे. हे मला डोळ्यांनी दटावायचे.

नामपल्लीच्या धर्मशाळेत तीन दिवस राहायला मिळायचं. चौथ्या दिवशी मुनीम वहीकडं बघत खाकरायला लागायचा. खोलीच्या कडीला मी स्वतःचं कुलूप लावायचे आणि कुलपावर स्वतःची दोरी बांधायचे. चहा इराण्याकडं, एक कप, दोन बशा. मी माझा पेला घेऊन जायचे, इराणी त्यात चहा ओतताना हसायचा. आणि रविवारी सुलतान बाजारच्या फुटपाथवर जुन्या मासिकांचे ढीग पडायचे. ती मराठी मासिकं शहर सोडून गेलेल्या आमच्यासारख्यांचीच असणार. मी एकेक उचलून आधी शेवटची पानं मोजायचे. अर्ध्यांत पाककृती कापलेल्या. शहर बदललं तरी बायका त्याच.

मग मुक्कामातला एक दिवस आपांकडं. पुढं पत्र टाकलेलं असायचं, त्यामुळं वांगी तयार असायची. मी खायचे, आणि खाता खाता पुन्हा तोच धंदा. वास घे, चव घोळव, डब्यांकडं बघ. आपा पुन्हा सगळी रीत सांगायच्या, न कंटाळता, आणि शेवटी तेच, आज पकाओ, कल खाओ. मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, ठेव, ठेव पोटात.

एका वर्षी त्यांनी आमच्यासमोर येळवणीची आमटी केली. गिरदावरसाहेबांनी भुरका मारला, डोळे मिटले, मग उघडले. अच्छी है, म्हणाले. त्यांचं ते 'अच्छी' आणि यांचं 'चांगली' अगदी एका मापाचं होतं. आपांचा चेहरा उतरला. आणि मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं. तुझं मला जमत नाही, माझं तुला जमत नाही, फिटंफाट.

त्याच वर्षी मी मासिकाला येळवणीची आमटी लिहून पाठवली. साहित्याचे दहा जिन्नस मोत्यांसारख्या अक्षरात लिहिले. दगडफुलापाशी लेखणी अडखळलीसुद्धा नाही. चार महिन्यांनी छापून आली, खाली माझं नाव आणि 'उमरगा'. हेडमास्तरीणबाईंनी वाचून माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, सगळं दिलंय? मी म्हटलं, सगळं. त्या हसल्या. त्यांनी तसूभरही विश्वास ठेवला नाही. त्या आपल्यातल्याच.

पुढच्या खेपेला मी तो अंक मिरवायला हैदराबादला नेला. आपांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी नुसतं माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि माझ्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली. पण गिरदावरसाहेबांना यायचं. गावकीची कागदं वाचून शिकलेले. ते त्या साली आजारीच होते, पाय सुजलेले. त्यांनी उशीला टेकून चष्मा चढवला आणि एकेक जिन्नस मोठ्यानं वाचला. आपा प्रत्येकाला म्हणायच्या, हां, डालती. दहा झाले. साहेबांनी पान उलटून मागं बघितलं, पुन्हा पुढं बघितलं, आणि अंक मिटून बायकोकडं पाहिलं. म्हणाले, यात तर तेच लिहिलंय जे तू घालतेस. आपा उठून आत गेल्या. मला वाटलं चहा टाकायला गेल्या. अंक त्यांनी ठेवून घेतला.

फेब्रुवारीत आपांचं कार्ड आलं, उर्दूत. यांनी वाचलं. गिरदावरसाहेब गेले.

त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. मी वांगी केली होती. हे तहसीलदारांबरोबर गावांच्या दौऱ्यावर गेलेले, त्या रात्री आलेच नाहीत. पातेलं जाळीच्या कपाटात राहिलं. सकाळी मी ते गाईला घालायला काढलं, तेवढ्यात हे धुळीनं माखलेले आले, भुकेनं कासावीस. मी नको नको म्हणेस्तोवर पातेल्यातच भाकरी बुडवली. दुसऱ्या घासाला थांबले. मग काही न बोलता खात सुटले. पातेलं पुसून झाल्यावर म्हणाले,

"हैदराबादहून कुणी आलं होतं का?"

मी बोट पातेल्याला लावून चाटलं. तीच. मी तिथंच चुलीपुढं बसले. सात-आठ वर्षं मी त्या बाईचे डबे हुंगत होते, आणि ती अंगणात बसून, डोळ्यांत बघून, दरवेळी सांगत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिनं काहीच पोटात ठेवलं नव्हतं. आणि तिला आमची रीतच ठाऊक नव्हती. आमच्या गल्लीत एक जिन्नस गाळला तर कुणी फसत नाही. ती फसली होती.

हे म्हणाले दिवाळीत जाऊ. मी म्हटलं, आत्ता. रजा नव्हती, पुढं कार्ड टाकून एका रविवारसाठी गेलो. धर्मशाळा नाही, दुमजली बस नाही, फुटपाथवरची मासिकं नाहीत. गाडीत मी तीन राज्यं ओलांडेपर्यंत एकच वाक्य घोळवत होते. आपा, त्यात दगडफूल घालायचं असतं. एवढंसं वाक्य.

आपा पांढऱ्या ओढणीत बसल्या होत्या. खाट उभी करून भिंतीला लावलेली. मी रडले, त्याही रडल्या. मग बोलायला काही तरी हवं म्हणून मी वांग्याचं सांगितलं, की तुम्ही सांगत होता ते खरं होतं, दुसऱ्या दिवशी खायची. त्या ओल्या डोळ्यांनी हसल्या.

"तो क्या झूट बोलती थी मैं?"

त्या आपणहूनच पुढं सांगायला लागल्या. शेवटच्या पंधरा दिवसांत साहेबांना अन्न जात नव्हतं. एकच मागायचे, ती पाटलाच्या घरची आमटी. त्यांनी तीनदा केली. माझा अंक शेजारच्या मराठी बाईकडून वाचून घेतला, तराजूनं तोलून घातलं. तिन्ही वेळा त्यांनी चमचाभर घेऊन वाटी सारली.

"उन्हों बोले, कागज में वहीच लिखा है, तू वहीच डालती. बोलके मैं समझी बाई, मेरे हाथ मेंच कमी है."

आणि त्यांनी आपला उजवा हात उताणा करून बघितला. मेंदी गेलेला, सुरकुतलेला, तीस-पस्तीस वर्षं त्या माणसाला रांधून घातलेला हात. मी तोंड उघडलं. यांच्याकडं बघितलं. आणि म्हटलं, दुपारची गाडी चुकेल, निघायला हवं.

असली मी. जन्मभर सगळ्या दुनियेला लबाड म्हणत आले.

निघताना त्यांनी डबा दिला. त्या दुःखातही आदल्या दिवशी वांगी करून ठेवली होती. गाडीत यांनी डबा उघडला, मी खाल्लं नाही. हे दोनदा म्हणाले, काय झालं. मी म्हटलं, गाडी लागते.

आठ दिवस मी तग धरला. नवव्या दिवशी कार्ड आणायला लावलं आणि यांना म्हटलं, लिहा. मला उर्दू येत नाही, त्यामुळं यांना सांगितल्याशिवाय आपांना सांगता येत नव्हतं. लिहा, आपा, आमटीत एक जिन्नस मी तुम्हाला सांगितला नव्हता. मासिकातही लिहिला नव्हता. पत्थर का फूल. तेलात आधी टाकायचं. तुमच्या हातात काही कमी नव्हतं. यांचा टाक तिथंच थांबला. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, रागानं नव्हे, नवखी बाई बघावी तसे. मग खाली मान घालून त्यांनी पुरतं केलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

उत्तर येईना. मी पोस्टमनचा वहीम घेतला. मग नाक्यांचा. मग वाटलं, यांनी कार्ड टाकलंच नसेल, मला वाचवायला. विचारलं तर चपला घालून कचेरीत निघून गेले. मासिक आलं, माझ्या पाळीला आलं, मी ते न उघडता परत केलं. कापडदुकानदाराच्या सुनेला वाटलं मी तिच्यावर रुसले.

दीड महिन्यानं कार्ड आलं. हे कचेरीतून येतानाच घेऊन आले. टोपीही न काढता ओसरीवर बसले आणि वाचून दाखवलं. तुमचं कार्ड मिळालं. फूल डब्यातच होतं, घालून आमटी केली. तीच आहे, साहेब सांगायचे ती, आता कळलं. एवढं वाचून त्यांनी कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलं आणि टोपी काढली.

शिवी नाही, दूषण नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी तुळजापूरची. वाचताना यांचं बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडं जात होतं, ते मी बघत होते. तीन ओळींवरून बोट गेलं. मी हात लांब करून कार्ड सुलटं केलं. खाली आणखी एक ओळ होती, आखूड.

"चार ओळी आहेत," मी म्हटलं. "तुम्ही तीनच वाचल्या."

हे म्हणाले, तिथं फक्त सलाम आहे. मी म्हटलं, सलाम मला ऐकून ठाऊक आहे, वाचा. त्यांनी कार्ड उचललं, चष्मा पुसला, आणि आपांच्याच शब्दांत ती ओळ वाचली.

"दो कटोरियां भरी मैं. दोनों मैंच खाई."